वाहतुकीची सांधेदुखी

गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथे वळते, त्या जागेला रेल्वेत सांधा म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला सांधेवाला. सरळ रुळावर गाडी भरधाव जाते. सांध्यावरून वळताना मात्र तिला वेग आवरावा लागतो. सांधा चुकीच्या बाजूला लागलेला असेल, तर इंजिन कितीही ताकदीचं असो, गाडी भलतीकडेच जाते.

वाहतूक आणि पायाभूत सुविधांचं व्यवस्थापन सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं कोणी विचारलं की मला हा शब्द आठवतो. या क्षेत्रात बोलणं चालतं ते इंजिनाबद्दल. नवी गाडी किती वेगाने धावेल, नवा पूल किती लांबीचा, नवी धावपट्टी कधी होणार. पण वेळ आणि पैसा गळतो तो बहुतेकदा सांध्यात. जहाजातला माल ट्रकवर चढतो तिथे. एकाने बांधलेली इमारत दुसऱ्याच्या ताब्यात जाते तिथे. प्रवाशाची फरफट आकडा होऊन साहेबांच्या टेबलावर पोचते तिथे. या जागा अर्ध्या याच्या, अर्ध्या त्याच्या असतात, म्हणून पुऱ्या कोणाच्याच नसतात.

एक पेटी आणि अख्खा व्यापार

सर्वात जुनं आणि सर्वात स्वच्छ उदाहरण कंटेनरचं आहे. 1956 साली 26 एप्रिलला अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल-एक्स’ नावाचं जहाज अ‍ॅल्युमिनियमच्या 58 पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघालं. जहाज नवं नव्हतं, वेगवान तर मुळीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं तेलवाहू जहाज डागडुजी करून वापरलेलं होतं. नवं होतं ते एवढंच, की माल भरलेली पेटीच्या पेटी ट्रकवरून उचलून जहाजावर ठेवली होती.

त्याआधी काय चालायचं? पोती, पिंपं, खोकी, गासड्या, एकेक नग माणसं हाताने चढवायची आणि उतरवायची. यात जहाज दिवसचे दिवस धक्क्याला बांधलेलं राहायचं, वर मोडतोड आणि चोरी वेगळीच. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे साधारण 5.8 डॉलर लागत. या फेरीचा हिशेब केला तेव्हा तोच खर्च टनाला सुमारे 16 सेंट निघाला. म्हणजे छत्तीस पटींचा फरक, आणि तोही जहाजाचा वेग तसूभरही न वाढवता.

ही कल्पना राबवणारा माल्कम मॅकलीन मूळचा ट्रकवाला. जहाजवाल्यांना वाटायचं, आपला धंदा जहाजं चालवण्याचा. मॅकलीनच्या लेखी धंदा माल पोचवण्याचा होता आणि जहाज हा त्यातला एक तुकडा. सांध्याकडे बाहेरच्याचं लक्ष गेलं, आतल्यांचं गेलं नाही, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. जो माणूस फक्त आपला तुकडा सांभाळतो, त्याला तो तुकडा उत्तम चाललेला दिसतो.

खरी मेहनत पुढे होती. प्रत्येक कंपनीने आपापल्या मापाची पेटी काढली असती, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पेटीची लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे तिच्या कोपऱ्यातला उचलण्याचा खोबणीचा भाग जगभर एकसारखा असावा, यासाठी 1960 च्या दशकात वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या. मॅकलीनच्या कंपनीने कोपऱ्याच्या रचनेचं आपलं पेटंट सर्वांना खुलं केलं. सांधा एकदाच, सगळ्यांसाठी बसवला गेला.

उभी गाडी काही कमवत नाही

समजा, एक विमान दिवसाला 14 तास सेवेत आहे. एका उड्डाणाला 50 मिनिटं लागतात आणि उतरल्यावर पुन्हा निघेपर्यंत ते 55 मिनिटं जमिनीवर उभं राहतं. म्हणजे एका फेरीला 105 मिनिटं. 14 तासांत अशा आठ फेऱ्या बसतात. आता जमिनीवरची 55 मिनिटं 20 वर आणा. फेरी 70 मिनिटांची झाली आणि दिवसाला बारा फेऱ्या बसल्या. विमान तेच, वैमानिकाचा वेग तोच, उड्डाणं मात्र दीडपट.

हे नुसतं पाटीवरचं गणित नाही. 1972 मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट या तेव्हाच्या चिमुकल्या विमान कंपनीवर पैशांच्या ओढगस्तीमुळे चारपैकी एक विमान विकायची पाळी आली. वेळापत्रक तर चार विमानांचं होतं. तेच वेळापत्रक तीन विमानांत बसवायचं, तर विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत परत निघायला हवं होतं. त्यांनी ते जमवलं. अडचणीतून सुटलेल्या या युक्तीवर नंतर स्वस्त विमानसेवेचा अख्खा धंदा उभा राहिला.

दहा मिनिटांत जमवलं म्हणजे लोकांना पळवलं, असा समज होतो. पळवून थोडंच साधतं. खरी किल्ली असते ती कामांचा क्रम लावण्यात. कोणतं काम दुसऱ्या कामाची वाट बघत थांबलं आहे? सामान उतरत असताना इंधन भरता येईल का? प्रवासी मागच्या दाराने उतरत असताना पुढून साफसफाई सुरू होईल का? प्रत्येक काम थोडं थोडं लवकर उरकण्यापेक्षा दोन कामं एका वेळी चालवली तर जास्त वेळ वाचतो. पण मग इंधनवाला, सामानवाला आणि सफाईवाला यांनी एकमेकांच्या पायात न येता काम करायला हवं. तिघांचे तीन साहेब असले आणि तिघेही एकमेकांशी बोलत नसले, की 20 ची पुन्हा 55 मिनिटं होतात.

टोकियो स्थानकात शिंकान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान बुलेट गाडी, प्रवास संपवून फलाटाला लागते आणि बारा मिनिटांत उलट दिशेने सुटते. दोन मिनिटं उतरणाऱ्यांची, तीन चढणाऱ्यांची, उरलेली सात सफाईची. त्या सात मिनिटांत कचरा काढणं, आसनं गाडीच्या नव्या दिशेला फिरवणं, मेजं पुसणं, विसरलेलं सामान बघणं, सगळं उरकतं. या सफाई तुकड्या एके काळी कंपनीच्या दृष्टीने उतरंडीच्या तळाला होत्या. सुधारणा झाली ती त्यांच्या सूचना ऐकायला आणि अमलात आणायला सुरुवात झाल्यावर. डब्यातली कुठली फट पुसायला वेळ खाते, हे त्या फटीत रोज हात घालणाऱ्यालाच माहीत असतं.

एक खुलासा करायला हवा. उभं राहण्याचा वेळ कमी करण्याचं फळ छोट्या पल्ल्याच्या वाहतुकीत भरघोस मिळतं. दहा तासांच्या उड्डाणात जमिनीवरची अर्धी घटका वाचली काय आणि गेली काय, फार फरक पडत नाही. म्हणून ‘अमक्याने केलं, आपणही करू’ म्हणण्याआधी आपला वेळ कुठे जातो ते घड्याळ लावून बघणं बरं.

मग सगळं ठासून भरायचं का?

इथे बहुतेक व्यवस्थापक एक उडी मारतात आणि खड्ड्यात पडतात. उभी गाडी म्हणजे तोटा, तर मग गाडी, धावपट्टी, धक्का सगळं शंभर टक्के वापरात ठेवू या!

एक टोलनाका घ्या. गाड्या येण्याला काही नेम नाही, कधी दोन एकदम, कधी बराच वेळ एकही नाही. एका गाडीला सरासरी एक मिनिट लागतं, पण कुणी सुटे पैसे तयार ठेवतो, कुणी वाद घालत बसतो. नाका निम्मा वेळ कामात असेल, तर गाडीला रांगेत सरासरी एक मिनिट थांबावं लागतं. वापर 80 टक्क्यांवर गेला की चार मिनिटं. 90 टक्क्यांवर नऊ मिनिटं. आणि 95 टक्क्यांवर एकोणीस! 90 वरून 95 वर जाताना कामात वाढ झाली जेमतेम साडेपाच टक्क्यांची, पण रांगेतला वेळ दुपटीहून जास्त झाला. रांगांच्या गणितातलं हे अगदी प्राथमिक सूत्र आहे. प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण वक्राचा आकार तोच राहतो. बराच वेळ सपाट, आणि शेवटी एकदम कडा.

लंडनचं हीथ्रो विमानतळ या कड्यावरच उभं आहे. धावपट्ट्या दोन, वर्षाला विमानांच्या ये-जा मिळून 4,80,000 हालचालींची मर्यादा, आणि ती जवळजवळ पूर्ण वापरात. स्वच्छ हवेत सगळं घड्याळासारखं चालतं. धुकं पडलं, दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागलं, की मागे पडलेली विमानं सामावून घ्यायला दिवसभरात रिकामी जागाच नसते. मग उशीर भरून निघत नाही, उड्डाणं रद्द करावी लागतात.

म्हणजे रिकामा वेळ दोन जातींचा असतो. एक गोंधळातून आलेला: सफाईवाला इंधनवाल्याची वाट बघतोय, ट्रक कागदासाठी उभा आहे. हा छाटावा तेवढा थोडा. दुसरा मुद्दाम ठेवलेला: वेळापत्रकातली चार मिनिटांची ढील, डेपोत तयार असलेली एक जादा गाडी, सकाळच्या पाळीला एक राखीव चालक. हिशेबाच्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात आणि खर्चकपातीच्या लाटेत बहुधा दुसराच आधी कापला जातो, कारण तो नोंदवलेला असतो. गोंधळ कोणी नोंदवून ठेवत नाही.

आकडा काय सांगतो आणि थांब्यावर काय घडतं

दर दहा मिनिटांनी बस आहे म्हणायचं, अर्धा तास वाट बघायची आणि मग तीन बस पाठोपाठ यायच्या. हा अनुभव जगात कुठेही येतो आणि सगळीकडे दोष चालकांना दिला जातो. खरं तर चालक प्रामाणिक असले तरी असंच होतं. एका बसला सिग्नलने दोन मिनिटं अडवलं. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर दोन मिनिटांचे जादा प्रवासी जमले. त्यांना चढवायला वेळ लागला, बस आणखी मागे पडली, पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळत जातात, ती पटापट पुढे सरकते आणि अखेर पहिलीला गाठते. एक तुडुंब, दुसरी मोकळी.

आता हिशेब बघा. बस ठीक दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर प्रवाशाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस आलटून पालटून 18 आणि 2 मिनिटांच्या अंतराने आल्या तर? दर वीस मिनिटांत आलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक लांब अंतरात सापडतात आणि सरासरी नऊ मिनिटं उभे राहतात. उरलेल्या दहा टक्क्यांना एक मिनिट. एकूण सरासरी 8.2 मिनिटं. डेपोच्या वहीत मात्र तासाला सहा फेऱ्या ठरलेल्या आणि सहाही झालेल्या असतात. कामगिरी शंभर टक्के!

यावरचा उपाय कोणालाच आवडत नाही. मागून जोरात येणाऱ्या बसला मधल्या थांब्यावर दोन मिनिटं थोपवून धरायचं. आतले प्रवासी वैतागतात, चालकाला वाटतं आपल्याला विनाकारण अडवलं. पण थांब्यांवर उभ्या असलेल्या, बसमध्ये नसलेल्या, म्हणून तक्रारही न करणाऱ्या लोकांचा वेळ त्यामुळे वाचतो.

लंडनने 2001 पासून बस कंपन्यांच्या कंत्राटात मोजण्याची गोष्टच बदलली. जिथे बस वारंवार येते त्या मार्गांवर ‘वेळेवर आली का’ हे बघायचं नाही. अंतर एकसारखं असतं तर प्रवाशाला जेवढं थांबावं लागलं असतं, त्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं, ते मोजायचं आणि त्यावर बक्षीस किंवा कपात ठरवायची. दहाएक वर्षांत ही जादा वाट दोन मिनिटांहून अधिक होती ती साधारण एका मिनिटावर आली. सगळं श्रेय या एका मोजमापाला देता येणार नाही, कारण त्याच काळात बस वाढल्या, 2003 मध्ये शहराच्या मध्यभागी गाड्यांवर गर्दी-कर लागला, बससाठी राखीव मार्ग आले. तरी कंपनीच्या साहेबाची आणि थांब्यावरच्या प्रवाशाची काळजी एका दिशेला वळली, ही गोष्ट लहान नाही.

रेल्वेच्या वक्तशीरपणाचंही असंच. ‘वेळेवर’ म्हणजे किती? जर्मन रेल्वेत सहा मिनिटांच्या आत पोचलेली गाडी वेळेवर धरतात, स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांच्या आत. त्याहून महत्त्वाचा फरक मोजायचं काय, यात आहे. जर्मनीत रद्द झालेला थांबा वक्तशीरपणाच्या टक्केवारीत धरलाच जात नाही. त्यामुळे फार उशीर झालेली गाडी शेवटच्या स्थानकापर्यंत न नेता अलीकडूनच परत फिरवली, तर आकडा बिघडत नाही, उलट परतीची गाडी वेळेवर सुटते. याला तिथे रेल्वेच्या एका माजी संचालकाच्या नावावरून ‘पोफाला वळण’ म्हणतात. रेल्वेची बाजू अशी, की एका गाडीचा उशीर पुढच्या दहा गाड्यांना लागू नये म्हणून हे करावं लागतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण शेवटच्या दोन स्थानकांच्या प्रवाशांना मधेच उतरवलं जातं आणि ते कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. स्विस रेल्वे गाड्यांऐवजी प्रवासी किती जण वेळेवर पोचले ते मोजते, वाटेत बदलायची पुढची गाडी मिळाली की नाही तेही धरते. मोजायला अवघड, पण सांध्याचा विचार करणारं मोजमाप.

आणि मोजमाप माणसाच्या मानगुटीवर बसवलं तर काय होतं? 2005 साली 25 एप्रिलला जपानमधल्या अमागासाकी इथे एक लोकल गाडी वळणावर रुळावरून घसरून इमारतीवर आदळली. चालकासह 107 माणसं गेली. वळणावर वेगमर्यादा ताशी 70 किलोमीटरची होती आणि गाडीचा वेग 116 च्या आसपास. गाडी सुमारे दीड मिनिट उशिरा होती. त्या कंपनीत उशीर करणाऱ्या चालकांना ‘पुनर्प्रशिक्षणा’च्या नावाखाली दिवसचे दिवस माफीनामे लिहायला, आवारातलं गवत उपटायला लावत. चालकाला आधी एकदा ती शिक्षा झालेली होती. वेळापत्रकातली ढीलही छाटत आणलेली होती. शिंकान्सेनचा सरासरी उशीर मिनिटाच्या आसपास असतो, त्याचं कौतुक करताना त्याच देशातली ही दुसरी गोष्ट शेजारी ठेवावी. शिंकान्सेनचे रूळ बहुतेक सगळीकडे वेगळे आहेत, त्यांवर फाटक नाही, मालगाडी नाही, वेग यंत्रणाच आवरते. तिथे वक्तशीरपणा रचनेतून येतो. अमागासाकीला तो धाकातून काढायचा प्रयत्न चालला होता.

जे दिसत नाही त्याची देखभाल

देखभालीच्या बाबतीत एक आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून दोन वर्षं वजनदार ट्रक फिरवले गेले. त्या चाचणीतून निघालं, की आसावरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. आसावर दहा टक्के जादा भार म्हणजे सुमारे 46 टक्के जादा झीज. दुप्पट भार म्हणजे सोळा पट झीज. याचा अर्थ, रस्त्याचं आयुष्य डांबर ओतणाऱ्याच्या हातात असतं तितकंच वजनकाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्याही हातात असतं. पण ही दोन माणसं वेगवेगळ्या खात्यांत बसतात, आणि जादा भार सोडून देण्याचा खर्च पहिल्या खात्याच्या अंदाजपत्रकात निघतो.

खात्यांमधली ही फट किती खोल जाऊ शकते ते हॅटफिल्डला दिसलं. ब्रिटनने 1990 च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण करताना तिचे तुकडे केले. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, रूळ रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे, रुळांची देखभाल कंत्राटदारांकडे, नवे रूळ टाकणारे आणखी वेगळे. 17 ऑक्टोबर 2000 रोजी लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्डजवळ भरधाव गाडीखाली रुळाच्या तीनशेहून जास्त ठिकऱ्या उडाल्या आणि चार माणसं गेली. रुळाच्या माथ्यावर केसासारख्या चिरा पडलेल्या होत्या. त्या आधीच लक्षात आलेल्या होत्या. बदलायचा नवा रूळ कित्येक महिने त्याच ठिकाणी, जुन्या रुळाच्या शेजारी पडून होता! तो बसवायला मार्ग काही तास बंद ठेवावा लागतो आणि तो कधी, कोणी, कोणाच्या खर्चाने बंद ठेवायचा, हे ठरत नव्हतं.

पुढचं मला अपघाताइतकंच बोलकं वाटतं. आपल्या जाळ्यात अशा चिरा आणखी कुठे कुठे आहेत, हे रेलट्रॅकला सांगता येईना, कारण आपल्याकडे काय मालमत्ता आहे आणि ती कोणत्या अवस्थेत आहे याची एकत्र नोंदच नव्हती. ती माहिती कंत्राटदारांच्या वह्यांत आणि जुन्या अभियंत्यांच्या डोक्यात होती, आणि त्यातले कितीतरी अभियंते खासगीकरणात बाहेर पडलेले. मग खबरदारी म्हणून देशभर हजाराहून जास्त ठिकाणी वेग उतरवला गेला. महिनोन् महिने रेल्वे रांगत होती. वर्षभराने, ऑक्टोबर 2001 मध्ये, रेलट्रॅकचं दिवाळं निघालं. तिच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलने 2004 पर्यंत देखभालीचं काम कंत्राटदारांकडून काढून स्वतःकडे घेतलं.

यावरून खासगी वाईट आणि सरकारी चांगलं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तसं वाटत नाही. काम बाहेर द्यायला हरकत नसते, माहिती बाहेर देऊन टाकायला असते. आपल्या पुलाला शेवटचा हात कधी लागला, हे विचारण्यासाठी ज्या संस्थेला कंत्राटदाराला फोन करावा लागतो, तिच्याकडे पूल फक्त कागदावर असतो.

एक हलकी गोष्ट सांगतो. स्कॉटलंडमधल्या 1890 च्या फोर्थ रेल्वे पुलाला रंग देण्याचं काम कधीच संपत नाही, एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक गंजलेलं असतं, अशी ख्याती होती. इंग्रजीत तो वाक्प्रचारच होऊन बसला, आपण मारुतीचं शेपूट म्हणतो तसा. 2002 मध्ये त्यांनी जुन्या रंगाचे थर खरवडून पार पोलादापर्यंत जायचं ठरवलं आणि समुद्रातल्या तेलफलाटांसाठी वापरतात तशा जातीचे तीन थर चढवले. 2011 च्या अखेरीस काम संपलं. हा रंग निदान 25 वर्षं टिकेल असा अंदाज आहे. शंभर वर्षं जे काम नशिबाचा भाग समजलं जात होतं, ते एकदा मुळापासून केल्यावर बाजूला पडलं, वाक्प्रचार मात्र अजून चालतो.

अंदाजपत्रकातला आशावाद

नव्या प्रकल्पांबद्दल थोडक्यात. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूव्हबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतल्या 258 वाहतूक प्रकल्पांचे आकडे गोळा करून 2002 मध्ये मांडले. दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाच्या वर गेलेला. सरासरी वाढ रस्त्यांत 20 टक्के, पूल आणि बोगद्यांत 34, रेल्वेत 45. चुका प्रामाणिक असत्या तर जवळपास तितकेच अंदाज जास्तही निघाले असते. बहुतेक सगळे एकाच बाजूला झुकतात, याची दोन कारणं ते देतात. माणूस आपल्या योजनेबाबत जन्मजात आशावादी असतो, हे एक. आणि खरा खर्च सांगितला तर मंजुरी मिळणार नाही, हे दुसरं.

त्यांचा उपाय घरगुती शहाणपणाचा आहे. आपल्या प्रकल्पाचा एकेक दगड मोजून अंदाज काढण्याऐवजी आधी विचारायचं, की या जातीच्या पूर्वीच्या तीस-चाळीस प्रकल्पांचं काय झालं? त्यांचा खर्च सरासरी 40 टक्के वाढला असेल, तर आपला वाढणार नाही असं मानायला आपल्याकडे काय खास कारण आहे? ब्रिटनच्या अर्थखात्याने 2003 पासून सरकारी प्रकल्पांच्या अंदाजात आशावादापोटी सुटणाऱ्या खर्चाची अशी भर आधीच घालायला लावली.

माद्रिदच्या मेट्रोने 1995 ते 2003 या आठ वर्षांत सुमारे 130 किलोमीटर मार्ग बांधला, आणि तोही स्वस्तात. काही जादू नव्हती. स्थानकांचे आराखडे साधे आणि एकमेकांसारखे, परखलेलंच तंत्र, एका वेळी बोगदे खणणारी अनेक यंत्रं, आणि निर्णय घेणारी अभियंत्यांची छोटी तुकडी, जिच्याकडून उत्तर यायला महिने लागत नसत. प्रत्येक स्थानक म्हणजे वास्तुकलेचा नवा चमत्कार असावा, असा हट्ट धरला की काय होतं, याची उदाहरणं कुठेही सापडतील.

फीत कापल्यावर

बांधणारा निघून जातो आणि चालवणारा येतो, तो या सगळ्यातला मोठा सांधा. बर्लिनचा नवा विमानतळ जून 2012 मध्ये उघडायचा होता. जेमतेम चार आठवडे आधी तो पुढे ढकलला गेला, कारण आगीत धूर बाहेर काढणारी यंत्रणा तपासणीत उतरत नव्हती. उघडला 31 ऑक्टोबर 2020 ला.

त्याहून शिकण्यासारखं उदाहरण हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलचं. 4.3 अब्ज पौंडांचं हे काम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात झालं, एवढ्या मोठ्या बांधकामात हे अगदी विरळा. मालक कंपनीने कंत्राटच वेगळ्या धर्तीवर केलं होतं. जोखीम मालकाने स्वतःच्या डोक्यावर घेतली. त्यामुळे काही बिघडलं की कंत्राटदार वकिलाकडे धावण्याऐवजी एकत्र बसून दुरुस्ती शोधत. बांधकामातला सांधा त्यांनी उत्तम बसवला.

27 मार्च 2008 ला टर्मिनल उघडलं आणि पहिल्याच सकाळी कोलमडलं. कर्मचाऱ्यांना गाड्या लावायची जागा सापडेना, मग सुरक्षा तपासणीत रांग, मग आत गेल्यावर आपलं कामाचं ठिकाण कुठे ते कळेना. सामान उतरवायला माणसं नाहीत म्हणून सरकते पट्टे तुंबले. पहिल्या काही दिवसांत पाचशेच्या वर उड्डाणं रद्द झाली आणि हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या. उघडण्याची तारीख पाळली गेली, पण आतलं काम लांबत गेलं तसे चाचणीचे आणि प्रशिक्षणाचे दिवस आक्रसत गेले होते.

त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चाचणीच्या काळात नव्या सामान-यंत्रणेचे खोटे संदेश बाकीच्या टर्मिनलांच्या चालू यंत्रणेत जाऊ नयेत, म्हणून संगणकात मध्ये एक गाळणी बसवली होती. ती काढायची राहून गेली. उद्घाटनानंतर दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून येणाऱ्या बॅगांची माहिती त्या गाळणीत अडकत राहिली आणि यंत्रणेला त्या बॅगा ओळखू येईनात.

सहा वर्षांनी, जून 2014 मध्ये, त्याच विमानतळावर नवं दुसरं टर्मिनल सुरू झालं. आधी हजारो स्वयंसेवकांना प्रवासी बनवून, बॅगा देऊन, पुन्हा पुन्हा तालमी घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी तिथे एकाच कंपनीची विमानं लागली. बाकीच्या कंपन्या पुढच्या सहा महिन्यांत एकेक करून आल्या.